अलंकारांची यादी आणि तिचा वापर : इंग्रजी ऱ्हेटरिकच्या शालेय परंपरेचा इतिहास

इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याच्या हाती अलंकारांची म्हणून जी सामग्री पडते, ती बहुधा यादीच्या रूपात पडते. सिमिली, मेटफर, मेटॉनिमी, सिनेक्डकी, आयरनी, हायपर्बली, ऑक्सिमोरॉन, अपॉस्ट्रफी; प्रत्येकाची एका वाक्यातील व्याख्या, तिच्याखाली कवितेच्या एकदोन ओळी, आणि प्रकरणाच्या अखेरीस 'पुढील ओळींतील अलंकार ओळखा' हा प्रश्न. ही मांडणी इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिला काही इतिहास असेल अशी शंकाही सहसा येत नाही. यादी जणू भाषेच्या स्वभावातूनच निपजली असावी, अशा समजुतीने ती पाठ केली जाते. वस्तुतः तिच्यातील नावे सुमारे दोन हजार वर्षांची असली, तरी त्या नावांनी करावयाचे काम मात्र दोनतीन वेळा पार बदललेले आहे. जी यादी एके काळी 'हे असे करावे' असे सांगत होती, ती 'हे असे आहे' एवढेच सांगू लागली. हा बदल कोणत्या टप्प्यांनी झाला हे पाहिल्याखेरीज, अलंकार शिकविण्याने वाङ्मयाची समज वाढते की तिच्या आड येते, या जुन्या वादाला काही आधार मिळत नाही.

'ऱ्हेटरिक' या संज्ञेला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही, हे येथे आरंभीच नोंदविले पाहिजे. 'वक्तृत्वशास्त्र' म्हटले तर लेखन बाहेर राहते, 'अलंकारशास्त्र' म्हटले तर शास्त्राचा चारपंचमांश भाग बाहेर राहतो. रोमन परंपरेने या शास्त्राची पाच अंगे मानली होती : मुद्दे शोधणे, त्यांची मांडणी करणे, त्यांना शब्दरूप देणे, भाषण स्मरणात ठेवणे आणि ते प्रत्यक्ष सादर करणे. अलंकारांचा प्रपंच यांपैकी केवळ तिसऱ्या अंगाचा, आणि तोही त्याचा एक भाग. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील 'ऱ्हेटोरिका आद हेरेन्नियुम' या ग्रंथात चौथा आणि शेवटचा खंड शैलीचा असून त्यात साठाहून अधिक अलंकार क्रमाने दिलेले आहेत. मध्ययुगात हा ग्रंथ सिसेरोचा समजला जाई. तो त्याचा नाही, एवढे आता निश्चित आहे. पुढे युरोपभर ज्या याद्या झाल्या त्यांचे एक प्रमुख मूळ येथे सापडते.

परंतु या चौथ्या खंडाच्या प्रारंभी एक लांबलचक चर्चा आहे, आणि ती याद्या उचलणाऱ्यांनी बहुधा गाळली. ग्रीक लेखक उदाहरणे कवींकडून व वक्त्यांकडून उसनी घेतात. प्रस्तुत ग्रंथकार ती स्वतः रचतो, आणि तसे करणेच योग्य का, याचे समर्थन करतो. जो कला शिकवितो त्याला ती साधता आली पाहिजे, असा त्याच्या म्हणण्याचा रोख आहे. संस्कृत साहित्यशास्त्राच्या अभ्यासकाला या ठिकाणी जगन्नाथ पंडिताची आठवण होणे अपरिहार्य आहे. सतराव्या शतकात 'रसगंगाधरा'च्या आरंभी त्यानेही परक्याचे काही न घेता आपल्याच रचना उदाहरणादाखल दिल्याचे मोठ्या तोऱ्यात सांगितले आहे. दोघांचा स्वभाव वेगळा, काळ वेगळा; पण उदाहरण कोणाचे हा प्रश्न दोघांनाही गौण वाटला नाही. तो गौण नाहीच. उदाहरण स्वतःचे असेल तर व्याख्या ही कृतीची सूचना ठरते. उदाहरण मान्यवर कवीचे असेल तर तीच व्याख्या ओळखपरेडीची खूण बनते. इंग्रजीतील यादीचा पुढचा सारा इतिहास या एका फरकाच्या अंगाने वाचता येतो.

सोळाव्या शतकातील इंग्लंडमध्ये ग्रामर स्कूल म्हणजे लॅटिन शाळा. जॉन कोलेट याने लंडनमध्ये स्थापन केलेल्या सेंट पॉल्स शाळेसाठी इरॅस्मसने १५१२ मध्ये 'दे कोपिया' हे पुस्तक सिद्ध केले. 'कोपिया' म्हणजे विपुलता. या पुस्तकातील प्रसिद्ध प्रकरणात 'तुझ्या पत्राने मला फार आनंद झाला' या अर्थाचे एक साधे वाक्य घेऊन इरॅस्मसने ते दीडशेच्या आसपास प्रकारांनी लिहून दाखविले आहे. आणि तेवढ्याने समाधान न होऊन 'जिवंत असेपर्यंत मी तुला विसरणार नाही' या आशयाच्या दुसऱ्या वाक्याची दोनशे रूपे दिली आहेत. कर्तरीचे कर्मणी केले, नकार दुहेरी केला, प्रश्न विचारला, उपमा आणली, अतिशयोक्ती केली, कारणाच्या जागी कार्य ठेवले. अलंकारांची नावे येथे आहेत, पण ती क्रियापदांसारखी वागतात. विद्यार्थ्याने नाव ऐकले की त्याच्या हाताने वाक्य वळविले पाहिजे. यातील काही वाक्ये हास्यास्पद होतात हे इरॅस्मसला ठाऊक होते. कोणते रूप केव्हा चालेल आणि केव्हा चालणार नाही हे कळण्यासाठी ती सर्व एकदा करून पाहणे त्याला आवश्यक वाटत होते. या शाळांत आफ्थोनियुसची 'प्रोजिम्नास्माता' ही जुनी अभ्यासमालाही चाले. तीत दुसऱ्याच्या तोंडचे भाषण रचण्याचा पाठ असे : मुले मारली गेल्यावर निओबी काय बोलली असेल ते लिहा. बारातेरा वर्षांच्या मुलाने पुत्रशोकाने दगड झालेल्या स्त्रीच्या जागी उभे राहून बोलावयाचे! नाटककारांची एक अख्खी पिढी या पाठांतून गेली आहे. मुलींना या शाळांची दारे बंद होती, ही गोष्ट या गुणगानात विसरली जाऊ नये.

लॅटिनमधील हे धन इंग्रजीत आणण्याचा पहिला उल्लेखनीय प्रयत्न रिचर्ड शेरी याचा. ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजच्या शाळेत तो मुख्याध्यापक होता. १५५० मध्ये त्याने 'स्कीम' आणि 'ट्रोप' यांवर जो ग्रंथ लिहिला त्याच्या प्रस्तावनेत, हे शीर्षकच इंग्रजी कानांना चमत्कारिक वाटेल, अशी त्याची तक्रार आहे. तीन वर्षांनी टॉमस विल्सनचा 'आर्ट ऑफ ऱ्हेटरिक' निघाला. त्यात पाचही अंगे शाबूत आहेत, आणि परभाषेतील जड शब्द मिरविणाऱ्यांची टवाळी आहे. १५८९ मध्ये निनावी प्रसिद्ध झालेला आणि आता सामान्यतः जॉर्ज पटनम याचा मानला जाणारा 'आर्ट ऑफ इंग्लिश पोएझी' तर या बाबतीत फारच पुढे गेला. ग्रीक नावे दरबारातील स्त्रीपुरुषांच्या जिभेवर रुळणार नाहीत म्हणून त्याने प्रत्येक अलंकाराला इंग्रजी टोपणनाव दिले. आयरनी म्हणजे कोरडी थट्टा, हायपर्बली म्हणजे मोठ्या आवाजाचा खोटारडा, अ‍ॅलेगरी म्हणजे खोट्या चेहऱ्याचा दरबारी. अलंकार येथे माणसे बनून वावरतात. दरबारात जगावयाचे तर मनातले एक आणि ओठांवरचे दुसरे ठेवता आले पाहिजे, ही व्यवहाराची जाण या नावांमागे आहे. पटनमची ही नावे टिकली नाहीत. ग्रीक नावेच उरली. पाठ्यपुस्तकांना अपरिचित नावाचा एक फायदा असतो : ते विचारता येते.

या सर्वांत अधिक विचार करण्याजोगा ग्रंथ मात्र हेन्री पीचम या धर्मोपदेशकाचा 'गार्डन ऑफ एलोक्वन्स' होय. १५७७ च्या पहिल्या आवृत्तीत अलंकारांची भरगच्च बाग आहे आणि वाचक तीत थकतो. १५९३ च्या दुसऱ्या आवृत्तीत पीचमने अलंकारांच्या लक्षण-उदाहरणांबरोबर दोन नवी कलमे घातली. एक 'उपयोग' आणि दुसरे 'सावधगिरी'. हा अलंकार कशासाठी योजावा, आणि कोणत्या चुकीने तो बिघडतो किंवा अपाय करतो, हे तो सांगू लागला. सोळा वर्षांच्या अंतराने त्याच माणसाला आपली यादी अपुरी वाटली, आणि ती लांबविण्याऐवजी तिच्यात विवेक घालावा असे त्याला वाटले, ही गोष्ट या इतिहासात फार महत्त्वाची आहे. व्याख्या अलंकाराची ओळख सांगते. सावधगिरीचे कलम ऐकणाऱ्याची दखल घेते. श्रोता नसेल तर सावध कशासाठी राहावयाचे?

या शिक्षणाचे फळ पाहण्यासाठी 'ज्यूलियस सीझर'मधील (१५९९) दोन भाषणे पुरेशी आहेत. ब्रूटस गद्यात बोलतो. समतोल उपवाक्ये, विरोधाच्या जोड्या, एकाच शब्दाने सुरू होणारी वाक्ये, उत्तराची अपेक्षा नसलेले प्रश्न : शाळेत घोटलेले सारे त्याच्या भाषणात जागच्या जागी आहे. अलंकार मोजण्याची स्पर्धा असती तर तो हरला नसता. त्याच्यानंतर अँटनी पद्यात बोलतो, आणि ब्रूटसच्या प्रतिष्ठेची ग्वाही देणारे एक विशेषण पुनःपुन्हा उच्चारतो. पहिल्या खेपेस त्यात उपरोध नाही. असलाच तर तो जमावाला ऐकू येण्याजोगा नाही. प्रत्येक आवृत्तीबरोबर मध्ये सीझरचे एक सत्कृत्य येते आणि विशेषणातील अर्थ थोडा झिजतो, शेवटी उलटतो. मृत्युपत्र वाचून दाखविणार नाही असे सांगतच तो ते वाचण्याची मागणी जमावाकडून वदवून घेतो. येथे 'आयरनी' हे उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे उत्तर बरोबर असते, आणि तरीही त्याने भाषण वाचलेले नसण्याची शक्यता उरते. कारण आयरनी कोणत्या एका ओळीत नाही. ती ओळींच्या दरम्यान, जमावाच्या कानांत, कालक्रमाने घडते. ब्रूटसच्या भाषणात अलंकार वाक्यांना आहेत, अँटनीच्या भाषणात ते श्रोत्यांना लागू होतात. पीचमच्या दोन नव्या कलमांचा अर्थ रंगभूमीवर याहून स्पष्ट होणे कठीण आहे.

मात्र याच सुमारास यादीचे घर आतून रिकामे होऊ लागले होते. पॅरिसचा तर्कशास्त्रज्ञ पेत्रुस रामुस (१५१५-१५७२) याने विषयांच्या सीमा नव्याने आखल्या. मुद्दे शोधणे आणि त्यांची मांडणी करणे ही कामे तर्कशास्त्राची. ऱ्हेटरिककडे राहिली शैली आणि सादरीकरण. स्मरणाला स्वतंत्र स्थान उरले नाही. रामुसचा सहकारी ओमेर तालों याने या वाटणीनुसार ऱ्हेटरिकचे जे पुस्तक केले, त्याचे अनुसरण इंग्लंडमध्ये भराभर झाले. ट्रोप चारच उरले : मेटफर, मेटॉनिमी, सिनेक्डकी, आयरनी. वर्गीकरणाची ही काटकसर विलक्षण आकर्षक होती. सुटसुटीत तक्ता शिकविता येतो. वॉल्टर ऑंग यांनी १९५८ मध्ये रामुसवर जो ग्रंथ लिहिला त्याच्या शीर्षकातच 'संवादाचा ऱ्हास' हे शब्द आहेत, आणि छापील पानावरील तक्त्याने बोलण्याऐकण्याची जागा कशी घेतली हे त्यांनी दाखविले आहे. त्यांचे विवेचन काही ठिकाणी ओढाताणीचे वाटले, तरी मूळ मुद्दा खोडून काढणे अवघड आहे. काय बोलावयाचे हे एका शास्त्राने ठरविले आणि कसे बोलावयाचे एवढेच दुसऱ्याकडे राहिले, की अलंकार हे वरून चढविलेले दागिने होतात.

अब्राहम फ्रॉन्सचा 'आर्केडियन ऱ्हेटरिक' (१५८८) हे रामुसपंथाचे इंग्रजी अपत्य. त्यातील व्याख्या कोरड्या आहेत. उदाहरणे मात्र होमर, व्हर्जिल यांच्या बरोबरीने फिलिप सिडनीची. आणि सिडनीची 'आर्केडिया' तेव्हा अद्याप छापलेलीही नव्हती, हस्तलिखितांतून फिरत होती. इंग्रजी कवीला अभिजातांच्या पंक्तीस बसविण्याचा हा उत्साह समजण्यासारखा आहे. परंतु 'ऱ्हेटोरिका आद हेरेन्नियुम'च्या कर्त्याने ज्याला नकार दिला होता तीच गोष्ट येथे प्रतिष्ठित झाली. अलंकाराचे पुस्तक हे उताऱ्यांचे पुस्तक झाले. लिहिणाऱ्याच्या शास्त्राने वाचणाऱ्याचा वेष घेतला. पुढील दोन शतकांत ते शास्त्र पुरते वाचकाचे होणार होते.

सतराव्या शतकाने अलंकारांकडे संशयाने पाहिले, ही हकीकत सर्वज्ञात असल्याने तिच्यात फार रेंगाळण्याचे कारण नाही. रॉयल सोसायटीचा इतिहास लिहिताना १६६७ मध्ये टॉमस स्प्रॅटने शब्दबंबाळपणाविरुद्ध मोहीम उघडली. १६९० मध्ये लॉकने ज्ञानाच्या क्षेत्रातून अलंकारिक भाषेला फसवणूक म्हणून हाकलले. हाकलतानाच तो वाक्चातुर्याची तुलना स्त्रीसौंदर्याशी करतो आणि त्याच्याविरुद्ध बोलणे कठीण असल्याचे सांगतो. म्हणजे उपमेचा निषेध करण्यासाठी त्याला उपमाच कामी आली. हा विरोधाभास पुढे पॉल द मान यांनी मोठा करून दाखविला.

ऱ्हेटरिकला नवे घर मिळाले ते स्कॉटलंडमध्ये. १७०७ च्या एकीकरणानंतर लंडनमध्ये मान मिळवावयाचा तर स्कॉटिश माणसाला आपले बोलणे आणि लिहिणे 'शुद्ध' करून घेणे भाग होते. अ‍ॅडम स्मिथने १७४८ पासून एडिंबरोत या विषयावर व्याख्याने दिली. त्याच्या पुढील काळातील ग्लासगो येथील व्याख्यानांची एका विद्यार्थ्याने केलेली टिपणे १९५८ मध्ये सापडली. अलंकारांची वर्गवारी करणाऱ्या जुन्या ग्रंथांविषयी त्यांत त्याने उघड तुच्छता दाखविली आहे : अभिव्यक्तीचे सौंदर्य अलंकारात नसून वक्त्याच्या भावनेशी ती किती सच्ची आहे यात असते. ह्यू ब्लेअर १७६२ मध्ये एडिंबरो विद्यापीठात 'ऱ्हेटरिक आणि बेल्‌लेत्र' या विषयाचा प्राध्यापक झाला. १७८३ मध्ये प्रसिद्ध झालेली त्याची सत्तेचाळीस व्याख्याने ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेतील महाविद्यालयांत दीर्घकाळ पाठ्यपुस्तक म्हणून वापरली गेली. ब्लेअरच्या मते अलंकार ही भावनेची आणि कल्पनेची नैसर्गिक भाषा होय. मत उदात्त आहे, पण त्याचा परिणाम विचित्र झाला. भावना नैसर्गिक असेल तर ती शिकविता येत नाही. शिकविता येते ती अभिरुची. मग वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याने थोरांचे लेखन वाचावे, त्यातील सौंदर्यस्थळे हेरावी, दोष दाखवावे. निओबीच्या तोंडचे भाषण लिहिण्याचा पाठ येथे संपला.

यादीला आज परिचित असलेला साचा दिला तो मात्र अ‍ॅबर्डीनच्या अलेक्झांडर बेन याने. तो तर्कशास्त्र आणि इंग्रजी या दोन्ही विषयांचा एकत्रित प्राध्यापक होता आणि साहचर्यवादी मानसशास्त्राचा एक अध्वर्यू. 'इंग्लिश कॉम्पोझिशन अँड ऱ्हेटरिक' (१८६६) या पुस्तकात त्याने अलंकारांना मनाच्या मूलभूत व्यापारांत बसविले : साम्य, सान्निध्य, विरोध. सिमिली आणि मेटफर साम्यमूलक, मेटॉनिमी सान्निध्यमूलक, अँटिथिसिस विरोधमूलक. सादृश्यमूलक, विरोधमूलक असे वर्ग संस्कृतात रुय्यकाने बाराव्या शतकातच पाडले होते, हे बेनला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याच्या वर्गीकरणात एक खरी अंतर्दृष्टी आहे आणि जवळजवळ शतकानंतर रोमन याकोब्सन यांच्या मांडणीत ती वेगळ्या पायावर पुन्हा अवतरते. परंतु विद्यार्थ्यापर्यंत पोचला तो तक्ता. अलंकार म्हणजे साध्या बोलण्यापासून परिणामासाठी केलेली फारकत, ही जुनी व्याख्याही त्याच वाटेने रूढ झाली. क्विंटिलियनला या व्याख्येची अडचण पहिल्या शतकातच जाणवली होती : विचाराला मिळालेला प्रत्येक आकार हा 'फिगर'च मानला, तर निरलंकृत असे काही उरतच नाही. म्हणून त्याला शब्दाचे दोन अर्थ वेगळे करावे लागले. 'साधे बोलणे' कुठे सापडते, हे एकोणिसाव्या शतकातील पाठ्यपुस्तकाला सांगण्याची गरज वाटली नाही.

या ठिकाणी मुंबईचा संबंध येतो, आणि तो केवळ प्रभावाचा नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजीची स्वतंत्र पदवी-परीक्षा १८९० च्या दशकात सुरू झाली, केंब्रिजमध्ये १९१७ मध्ये. गौरी विश्वनाथन यांनी १९८९ मध्ये आणि रॉबर्ट क्रॉफर्ड यांनी १९९२ मध्ये, अनुक्रमे हिंदुस्थान आणि स्कॉटलंड यांच्या संदर्भात, इंग्रजी वाङ्मय हा विषय परिघावर घडला, असे दाखविले आहे. परिघावरील विद्यार्थ्याला भाषा परकी, तिची बोलण्याची परिस्थिती परकी. पण परीक्षा मात्र एकसारखी घ्यावयाची. अशा ठिकाणी अलंकार ओळखण्याच्या प्रश्नाइतका सोयीचा प्रश्न दुसरा नाही. उत्तर एका शब्दाचे, गुण निर्विवाद. ज्यांनी इंग्रजी कधी भांडताना किंवा समजूत घालताना ऐकले नव्हते, त्यांना त्या भाषेतील 'अपॉस्ट्रफी' कोणती हे अचूक सांगता येऊ लागले.

याहून अधिक रोचक आहे तो मराठी व्याकरणग्रंथांवर झालेला परिणाम. अलंकारांची संस्कृत यादी हाताशी असताना इंग्रजी यादीची तिच्याशी जुळणी करण्यात आली. सिमिली ती उपमा, हायपर्बली ती अतिशयोक्ती, एवढे सरळ जमले. परंतु पर्सॉनिफिकेशन कोठे ठेवावयाचे? संस्कृतात त्याचा बराचसा प्रांत समासोक्तीत येतो, काही उत्प्रेक्षेत; स्वतंत्र अलंकार म्हणून त्याची गणना नव्हती. तेव्हा मराठीने 'चेतनगुणोक्ती' हा नवा अलंकार घडविला, हिंदीने 'मानवीकरण'. आज शालेय पुस्तकात तो यमक-श्लेषांच्या शेजारी असा बसलेला दिसतो की त्याचे वय कोणाला विचारावेसे वाटू नये. यातील गंमत अशी की, अमूर्त कल्पनांना माणसांचे कपडे घालण्याची ही रीत वर्ड्‌स्वर्थने १८०० च्या प्रस्तावनेत आपल्या कवितेतून जवळजवळ हद्दपार केली होती. कवितेने टाकलेले पाठ्यपुस्तकाने उचलले.

मेटॉनिमी आणि सिनेक्डकी यांच्या बाबतीत तर जुळणी मुळातच फसली, आणि त्या फसण्यात एक मोठा सैद्धांतिक प्रश्न लपलेला आहे. 'गंगेवर गवळीवाडा' या शास्त्रप्रसिद्ध उदाहरणात गंगा म्हणजे गंगेचा काठ. इंग्रजी पुस्तकाच्या हिशेबाने ही मेटॉनिमी, म्हणजे अलंकार. संस्कृत शास्त्राच्या हिशेबाने ती लक्षणा, म्हणजे शब्दाची एक शक्ती; अर्थ कसा पोचतो याचे स्पष्टीकरण. ती मीमांसेत, न्यायात, व्याकरणात चर्चिली जाते. तिला काव्याची अट नाही. एका परंपरेने जी गोष्ट भाषेच्या सजावटीत घातली ती दुसरीने भाषेच्या पायात घातली. उलट रूपक अलंकारांत राहिले, पण त्याच्या मुळाशी असलेला गौण व्यापार पुन्हा लक्षणेकडे गेला. दोन याद्या समोरासमोर ठेवून समानार्थी शब्द शोधण्याऐवजी हा भेद तसाच ठेवला असता, तर मराठी समीक्षेला एका फार चांगल्या वादाचा आरंभ सापडला असता. तसे झाले नाही. 'रूपक' या बिचाऱ्या शब्दावर तर मेटफर, अ‍ॅलेगरी, दृश्यकाव्य आणि पुढे आकाशवाणीवरील कार्यक्रम अशी ओझी लादली गेली. संगीतातील ताल वेगळाच.

आय. ए. रिचर्ड्‌स यांनी नेमका हाच सांधा धरला. 'फिलॉसफी ऑफ ऱ्हेटरिक' (१९३६) या व्याख्यानांत, मेटफर ही भाषेची फारकत नसून तिची सर्वव्यापी रीत आहे, असे त्यांनी प्रतिपादिले. 'टेनर' आणि 'व्हेइकल' ही त्यांची जोडी मराठीत उपमेय आणि उपमान म्हणून सहज उतरविली जाते. पण ते उतरविणे फसवे आहे. उपमेय हे वाक्यात आधीच असते, उपमान त्याला उजळते. रिचर्ड्‌स यांच्या मते अर्थ या दोहोंच्या परस्परक्रियेतून उपजतो, आणि तो दोहोंपैकी कोणातही आधी नसतो. शिवाय साम्याइतकेच वैषम्यही तेथे काम करते. म्हणजे 'साधारणधर्म कोणता?' हा परीक्षेतला प्रश्न येथे अपुरा पडतो. या विचाराचे पुढे काय झाले? क्लिआन्थ ब्रुक्स आणि रॉबर्ट पेन वॉरन यांच्या 'अंडरस्टँडिंग पोएट्री' (१९३८) या पुस्तकाने तो वर्गात नेला, आणि तेथे 'पॅरडॉक्स', 'आयरनी', 'टेन्शन' अशी नवी छोटी यादी तयार झाली. नावे कमी झाली, हुडकण्याची रीत तीच राहिली. एम. एच. एब्रम्स यांच्या १९५७ च्या संज्ञाकोशाने पुढील पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना नव्याजुन्या संज्ञा अकारविल्हे पुरविल्या. त्या कोशाचा दर्जा वादातीत आहे. तथापि वर्णक्रम हा कोणताही क्रम नसल्याची कबुली असते.

फ्रान्समध्ये जेरार झनेत यांनी १९७० च्या एका निबंधात या साऱ्या प्रवासाला 'आकुंचित ऱ्हेटरिक' असे नाव दिले. पाच अंगांतून एक, त्यातून अलंकार, त्यातून ट्रोप, याकोब्सन यांच्या १९५६ च्या लेखानंतर दोनच ट्रोप, आणि शेवटी एकटी मेटफर. द मान यांनी 'अ‍ॅलेगरीज ऑफ रीडिंग' (१९७९) मध्ये ट्रोपलाच भाषेचे स्वरूप ठरवून या आकुंचनाला तत्त्वज्ञानाची उंची दिली. त्यांच्या वाचनाची भेदकता नाकारता येत नाही, पण त्यांच्या ऱ्हेटरिकमध्ये कोणी कोणाची समजूत घालताना दिसत नाही. ब्रायन विकर्स यांनी १९८८ मध्ये घेतलेला आक्षेप काहीसा कडवट असला, तरी या मुद्द्यावर ग्राह्य वाटतो : ज्यांना सर्व भाषा अलंकारिक वाटते, त्यांना दोनचार अलंकारांपलीकडचे अलंकार ठाऊकच नसतात, आणि वक्ता व श्रोता यांची त्यांना आठवणही होत नाही.

पीचमच्या 'सावधगिरी'च्या कलमाला पुढच्या शालेय याद्यांत वारस मिळाला नाही. संस्कृतातही हेच घडले. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, पीचमच्याच आगेमागे, अप्पय्य दीक्षिताने 'कुवलयानंद' बालांसाठी, म्हणजे नव्याने शिकणाऱ्यांसाठी, रचला. श्लोकाच्या पूर्वार्धात लक्षण आणि उत्तरार्धात उदाहरण ही जयदेवाच्या 'चंद्रालोका'तील सोय त्याने उचलली. शंभराहून अधिक अर्थालंकार त्यात मावले आणि ग्रंथ पाठशाळांत लोकप्रिय झाला. त्याच्या कितीतरी आधी, नवव्या शतकात, आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या दुसऱ्या उद्योतात अलंकार योजण्याच्या अटी घातल्या होत्या : तो रसासाठी यावा, मुख्य होऊन बसू नये, वेळेवर घ्यावा, वेळेवर सोडावा, आणि शेवटपर्यंत ताणून नेण्याचा हट्ट धरू नये. वेळेवर सोडलेला अलंकार कवितेच्या ज्या ओळीत नसतो ती ओळ 'अलंकार ओळखा' या प्रश्नाखाली छापता येत नाही.